साठ सेकंदांचं रडणं

फुई, तुला उचललं तेव्हा तुझ्यावर कुणीही रडलं नाही. ही चूक माझी आहे. तुझ्या गावातल्या बायका ती विसरणार नाहीत, आणि मीही विसरू नये म्हणून लिहून ठेवते आहे.

सुरत पॅसेंजरनं शिंदखेड्याला उतरले तेव्हा माझ्या पिशवीत माहेरचं लुगडं होतं. आबा गेल्यापासून, म्हणजे तुझा भाऊ आणि माझे वडील गेल्यापासून, तुझं माहेर म्हणजे एकटी मी. लुगडं तुझ्या अंगावर घातलं आणि बाजूला उभी राहिले. अंगणभर बायका बसल्या होत्या, पदर तोंडाशी धरून, तयार. आपल्याकडे पहिला हंबरडा माहेरच्या बाईनं फोडायचा आणि मग बाकीच्यांनी त्यात आवाज मिसळायचा. माहेरच्या आधी कुणी तोंड उघडत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. एक म्हातारी माझा हात धरून हळूच म्हणाली, "तू माहेरनी ना? मंग सुरू कर, माय."

मी तोंड उघडलं आणि काही बाहेर आलं नाही. शब्द तर नाहीच, साधा आवाजही नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण नुसत्या पाण्याला तुझ्या गावात रडणं म्हणत नाहीत. सगळ्या जणी माझ्याकडे बघत राहिल्या. कुणीतरी हापसा मारत होतं, त्याचा किरकिर आवाज तेवढा येत होता. शेवटी पुरुष मंडळी म्हणाली, उन्हं चढली, उचला. आसपासच्या गावांत कुणीही मेलं की जिला बोलावणं यायचं, जिच्या तोंडून निघालेले शब्द ऐकून दगडासारखे पुरुष खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसायचे, ती तू अशी मुकाट्यानं गेलीस.

आता कारण सांगते. जिवंतपणी तुला कधी सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही, आबांनाही नाही.

माझी आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्याच्या चार वर्षं आधी एरंडोलच्या एका लग्नात भर मांडवात तू आईला बोलली होतीस, की एका पोरीवर थांबली आणि माझ्या भावाचं घर बुडवलं. तेव्हापासून आई तुझ्याशी एक शब्द बोलली नाही. तू राखी बांधायला यायचीस तेव्हा ती चुलीपुढून उठायची नाही. आणि ती गेल्यावर तू आलीस, वेशीपासून टाहो फोडत आलीस, आणि तिच्या उशाशी बसून असं काही रडलीस की सगळं गाव हललं. मनी लक्ष्मी म्हणालीस, मना भाऊना घरना दिवा म्हणालीस. मी खांबाला टेकून तुझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, ही बाई खोटारडी आहे. त्या दिवशी मनाशी ठरवलं की असं कुणासाठी आयुष्यात रडायचं नाही. पोरवयातला हट्ट, दुसरं काय. पण तो इतका मुरला की त्या अंगणात गळा उघडायचा म्हटला तरी उघडेना.

आणि तरीही तू मला हवी होतीस, हेही खरं. आई गेल्यावर माझी वेणी घालायला तू तीन महिने घर सोडून आमच्याकडे राहिलीस. माझ्या शिक्षणावरून आबांशी भांडलीस, तेही माझ्या बाजूनं. तुझ्यावर धड चिडताही आलं नाही, याचाच मला जास्त राग यायचा.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तू जळगावला आलीस आणि दीड महिना माझ्याकडे राहिलीस. ते दिवस आठवले की अजून हसू येतं. डोळ्यावर हिरवी पट्टी, नंतर काळा चष्मा, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. मागच्या दाराजवळच्या खोलीत माझा कॉम्प्युटर. घरबसल्या टायपिंगची कामं घ्यायची म्हणून आम्ही तो जोडून घेतला होता. लोकांचे प्रबंध, लग्नपत्रिका, शाळांचे पेपर, दिवसभर माझी खडखड चालायची आणि तू मागे खाटेवर बसून विचारायचीस की ह्या पेटीत कोण बसलंय. त्याला स्पीकर आहेत, माइक आहे, हा आवाजही धरून ठेवतो, असं सांगितल्यावर तू तीन दिवस त्याच्याशी फटकून वागलीस. चौथ्या दिवशी म्हणालीस, धर बरं मना आवाज.

जात्यावरच्या ओव्या झाल्या, आखाजीची झोक्यावरची गाणी झाली. ते रेकॉर्डिंग बरोबर साठ सेकंदांनी आपोआप थांबायचं. त्याची तेवढीच मर्यादा होती. त्याहून लांब करायची काहीतरी युक्ती असते म्हणे, ती मला येत नव्हती. हिरवी रेघ थरथरत पुढे जायची आणि एका मिनिटाला कटकन बंद. तू ऐन रंगात आलेली असायचीस. "एक मिनिटमा काय व्हस?" म्हणून तू त्या पेटीवर रागवायचीस. मग अंदाज घेऊन घेऊन तू साठ सेकंदांत गाणं बसवायला शिकलीस. तुला वाचता येत नव्हतं, पण मोजता चांगलं यायचं. लाल गोल म्हणजे सुरू, चौकोन म्हणजे बंद, यादीत वरून कितवी ओळ दाबली की काय होतं, हे सगळं तू माझ्या खांद्यावरून बघून बोटांवर मोजून ठेवलंस. बस ओळखायची तर पाटी न वाचता रंगावरून ओळखणारी बाई तू, तुला त्यात काय कठीण.

एकदा गंमत म्हणून मी तुझी ओवी उलटी वाजवून दाखवली. त्या यादीतच ती सोय होती, शेवटचा आवाज आधी आणि पहिला शेवटी. मला वाटलं तू हसशील. तू खुर्ची मागे ढकलून उठलीस. "हाई मरेल मानुसनी बोली शे. बंद कर." त्या दिवशी तू जेवलीही नाहीस.

आणि मग तो वाद, जो अर्धाच राहिला. मी म्हणाले, ओव्या पुष्कळांना येतात, तुझं रडणं भरू या. तुझ्यामागे ते कुणाला येणार आहे? तू साफ नाही म्हणालीस. जिवंत माणसावर रडत नाहीत, आणि ज्या घरात मयत नाही त्या घरात ते बोल उच्चारायचेही नाहीत. तुझ्या सासूनं तुला शिकवलं तेही नदीकाठी नेऊन, गावाबाहेर. मी म्हणाले, मग पुढच्यांना कळणार कसं?  तू काळा चष्मा काढून माझ्याकडे रोखून बघत म्हणालीस, "तुले ते नाटक वाटस. पन मी मरनू ते तूच शे मनी माहेरनी."

मी म्हणाले, नाटकच आहे ते. आणि टायपिंगकडे वळले. त्या प्रबंधाची पानं दुसऱ्या दिवशी द्यायची होती म्हणून नव्हे, तुझ्याकडे बघणं टाळायचं होतं म्हणून.

त्याच आठवड्यात मी बाजारातून आले तर माइक मागच्या दाराबाहेर पायरीवर धुळीत पडलेला. मी तुला फाडफाड बोलले. एवढी महागाची वस्तू, तुला काही कळतं का, पोरासोरांचं खेळणं आहे का हे. तू उलटून बोलली नाहीस. तू उलटून बोलली नाहीस याचंच मला नवल वाटायला हवं होतं. चार दिवसांनी तू गावी गेलीस आणि पंधरा दिवसांत फोन आला, झोपेतच गेली.

तुझे दिवस घालून मी जळगावला परतले. आल्या दिवशी दुपारीच कॉम्प्युटर लावला. तुझ्या ओव्यांची पहिली फाईल उघडली. हिरवी रेघ हलायला लागली, थरथरत, वरखाली होत पुढे सरकली, अगदी तू बोलायचीस तेव्हा हलायची तशी. पण आवाज नाही. काचेमागे तू बोलते आहेस आणि मला ऐकू येत नाही, असं ते होतं. सगळ्या फायली लावून पाहिल्या. सगळ्यांत तू हलत होतीस आणि सगळ्यांत मुकी होतीस. अंगणात मी जशी उभी होते, तशीच आता तू. 

मग लागले उद्योगाला. मागच्या पिना काढून पुन्हा घातल्या. तीन भोकं सारखीच, स्पीकरची पिन भलत्या भोकात तर नाही ना, ते पाहिलं. आवाजाच्या चौकटीत आवाज बंद करायची खूण लागलेली होती, ती काढली. मनात म्हटलं, सापडलं. कसलं सापडतंय, नुसती खरखर सुरू झाली. स्पीकर नवऱ्याच्या टेपला जोडून पाहिले, तिथे छान वाजले. म्हणजे दोष पेटीच्या आत. ज्यानं तो कॉम्प्युटर जोडून दिला होता त्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं पेटी उघडली, साउंड कार्ड बसलेल्या जागेवरून थोडं वर आलं होतं ते काढून पुसलं, पक्कं दाबून बसवलं, ड्रायव्हर नव्यानं टाकला. घड्याळाची बॅटरीही संपली आहे म्हणाला. ते मला माहीत होतं, चालू केला की दर वेळी तारीख हातानं टाकावी लागायची.

आवाज येतो का बघू म्हणून त्यानं यादीतली सगळ्यात शेवटची फाईल लावली. ती मी कधी पाहिलीच नव्हती. नाव म्हणून एकच अक्षर नऊ वेळा, कीवर बोट ठेवून उचललंच नाही असं. आवाज सुरू झाला आणि त्या माणसानं हात मागे घेतला.

काय सांगू तुला. तो आवाज शून्यातून फुगत वर यायचा आणि एकदम कुणी ओढून घेतल्यासारखा तुटायचा. मध्येच दीर्घ श्वास, पण तो आत घेतलेला की बाहेर टाकलेला ते कळत नव्हतं. भाषा कुठलीच नाही. पण गळा तुझा. तो तुझाच, हे मला पहिल्या क्षणाला कळलं आणि दंडावर काटा आला. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, ही फाईल करप्ट आहे. उडवू का?" मी हो म्हणणारच होते. तोंडात आलेला शब्द गिळला आणि म्हणाले, राहू दे.

तो गेल्यावर फाईलवरची तारीख पाहिली. तुझ्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवसाची. खुर्चीतून उठून मी मागचं दार, पुढचं दार, दोन्ही उघडी टाकली. भर दुपारी, रस्त्यावर वर्दळ असताना. बऱ्याच वेळानं डोकं चालायला लागलं. दीडएक महिन्यापूर्वी मी तारीख टाकताना महिना एकानं पुढचा टाकला होता, दोन दिवस सगळ्या कामांवर तीच तारीख पडत होती, मग सुधारली. म्हणजे फाईल तू असतानाची. बॅटरीची करामत. हे कळूनही त्या खोलीत पाठ करून बसायची माझी हिंमत होत नव्हती.

पुढचे आठ दिवस मी ती फाईल लावत होते. वेग कमी केला तर तो आवाज पुरुषाचा वाटायचा, वाढवला तर लहान मुलीचा. कामं तुंबली. नवऱ्यानं एकदा उभ्या उभ्या ऐकलं, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि म्हणाला, हे घरात नको. तो देवभोळा नाही, तुला माहीत आहे. पण त्याचाही चेहरा उतरला होता. मला रागही आला आणि त्याचं म्हणणं पटलंही. माझ्या लहानपणी सगळे सांगायचे ना, मेलेल्याचे पाय उलटे असतात. मला वाटत होतं तू तिकडून काहीतरी सांगते आहेस आणि मी काही केल्या समजून घेऊ शकत नाही. जिवंतपणी झालं तेच.

पाय उलटे. बोली उलटी. परवा दुपारी पोळ्या लाटता लाटता एकदम लक्षात आलं. तसाच पिठाचा हात घेऊन मी खोलीत गेले. यादी उघडली, वरून मोजत ती ओळ शोधली, तू शोधली असशील तशीच, आणि उलटं दाबलं.

आधी कावळा ओरडला. मग गिरणीची लांबून घरघर. म्हणजे दाराबाहेरचं. म्हणजे माइकची वायर ताणून तू उंबऱ्याबाहेर नेलीस, पायरीवर बसलीस, आणि घराबाहेर तोंड करून बोललीस. नंतर आत येऊन ते सगळं उलटं करून ठेवलंस, कारण जित्या घरात ते बोल सुलटे राहू द्यायचे नव्हते. आणि मी माइकला धूळ लागली म्हणून तुला बोलले.

मग तू रडायला लागलीस. "कशी गयी वं तू, मनी फुई."

मला वाटलं, तुझी कुणी फुई गेली होती काय. पण पुढे "मना बापनी भईन" आलं, मोतीबिंदूचा डोळा आला, जळगावचं घर आलं, वेणी घातलेली आली. माझी वेणी. फुई, ते तू माझ्या तोंडचं रडलीस. तुझ्या मयतावर मी काय म्हणायचं ते तूच, जिवंतपणी, माझ्या मागच्या दारात बसून, म्हणून ठेवलंस. मी पिठाच्या हातानं खुर्चीची पाठ धरून उभी होते. एका मेलेल्या बाईच्या गळ्यातून मी तिच्यावर रडत होते आणि ते मीच ऐकत होते.

मला वाटलं आता तू स्वतःची थोरवी गाशील, रडण्यात गातात तशी. तू तसं केलं नाहीस. हिरवी रेघ शेवटाकडे आली होती. तुझा आवाज उतरला, सूर गेला, नुसतं बोलल्यासारखं झालं.

"मनी मायले तू बोल लावा वं फुई. मनी माय मरनी तवय तू रडनी. खोटं रडनी. मी दखं."

आणि साठ सेकंद झाले. कटकन बंद.

खांबाला टेकून बघणाऱ्या पोरीकडे तू त्या दिवशी बघितलं होतंस तर. तेव्हापासून तुला माहीत होतं. वेणी घालताना माहीत होतं, आबांशी भांडताना माहीत होतं, मी नाटक म्हणाले तेव्हाही माहीत होतं. मग मला एकदा विचारलं का नाहीस? एका शब्दानं का नाही म्हणालीस की हो, खोटं होतं, किंवा नाही, पोरी, तुला कळलं नाही? साठ सेकंद मोजता येणाऱ्या बाईला हे उत्तर बसवता आलं नसतं असं मी मानणार नाही. आरोप तेवढा माझ्या तोंडी दिलास आणि थांबलीस.

मी पुन्हा लावली. पुन्हा तिथेच थांबली. तिसऱ्यांदा लावली, आणि "मी दखं" झाल्यावर आवाज थांबला नाही. क्षणभर मला वाटलं तो स्पीकरमधूनच येतो आहे. रेघ तर सपाट झाली होती. मग गळ्यात काहीतरी फाटल्यासारखं दुखलं तेव्हा कळलं की तो माझा आहे. टायपिंगच्या खुर्चीवर बसून, चांगली शिकलेली बाई मी, ज्या बोलीतला एक शब्द वीस वर्षांत तोंडातून काढला नव्हता त्या बोलीत ओरडत होते.

"खरं रडनी का खोटं रडनी, आते मी कोनले इचारू वं फुई. कोनले इचारू."

त्याच्यापुढे काय काय म्हणाले ते आठवत नाही. आईचं नाव घेतलं, तुझं घेतलं. शब्द कुठून येत होते माहीत नाही, एकामागून एक येत होते, आणि मी कपाळ टेबलावर टेकून त्यांना येऊ देत होते. नाटक होतं की काय होतं ते बघायला खांबाशी कुणी उभं नव्हतं.

डोकं वर केलं तेव्हा समोरच्या किराणा दुकानातल्या भाभी पदर सावरत धावत आलेल्या, मागच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांच्यामागे गल्लीतल्या आणखी दोघी. कोण गेलं, केव्हा गेलं, असं घाबरून विचारत होत्या. मी म्हणाले, माझी फुई गेली. आत्ताच.